डोंगराचा सूर कोणाच्या गळ्यात?

गेल्या हिवाळ्यात मांजरीत आमच्या परिचयाच्या एका घरी छोटी बैठक झाली. सतार वाजवणारा तरुण नुकताच लडाख आणि जैसलमेर असा दुहेरी प्रवास करून आला होता. त्या दोन्ही प्रदेशांनी त्याला वेड लावले होते, आणि त्यांच्यावर स्वतः बांधलेल्या दोन रचना त्याला ऐकवायच्या होत्या. हात तयारीचा होता, सूर सच्चा होता. वादनापूर्वी बर्फाळ शिखरांविषयी आणि वाळूच्या लाटांविषयी तो मनापासून बोललाही. आम्ही कान देऊन ऐकले. परंतु त्याने आधी सांगितले नसते, तर डोंगराची रचना वाळवंटाची आणि वाळवंटाची डोंगराची असे आम्ही खुशाल मानले असते. दोष त्याच्या वादनाचा होता की आमच्या कानाचा, याचा विचार करीत आम्ही परतलो.

वास्तविक या गोंधळाला शास्त्राचाही थोडा आधार आहे. ज्या दोन रागांची नावेच भूमीवरून पडली आहेत ते मांड आणि पहाडी. एक मरुभूमीचा, दुसरा डोंगराचा. आपल्या पंडितांनी दोघांनाही बिलावल थाटात बसवले आहे. दोघांतही मोठा ख्याल सहसा गात नाहीत. ते ठुमरी-दादऱ्याचे, धुनेचे राग. वाळवंट आणि पर्वत एकाच थाटात शेजारी नांदतात याचा अर्थ इतकाच, की नुसते स्वर लिहून काढले तर भूमी हाती लागत नाही. ती असते चलनात, स्वर कोठे लांबवायचा, कोठे मुरडायचा, कोठे सोडून द्यायचा यात. आणि ही चलने कोणी शिखराकडे पाहून बसवलेली नाहीत. त्या मुलखातील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गाऊन ती घडवली आहेत.

पाश्चात्त्यांचा मार्ग निराळा आहे. रिचर्ड श्ट्राउसची ‘आल्पाइन सिंफनी’ 1915 साली बर्लिनमध्ये प्रथम वाजली. तिच्यात पर्वतारोहणाचा एक दिवस आहे, रात्रीपासून रात्रीपर्यंत. गुरांच्या गळ्यातील घंटा आहेत, वाऱ्याचा व गडगडाटाचा आवाज काढणारी यंत्रे आहेत. डोळ्यांनी पाहिलेला डोंगर शंभराहून अधिक वादकांच्या ताफ्यानिशी कानापुढे उभा करण्याची ती हिंमत आहे. आमच्याकडे असा ताफा नाही, स्वरमेळही नाही. एकट्या सतारीने शिखर ‘दाखवायला’ निघणे म्हणजे बासरीने नकाशा काढण्यासारखे आहे.

मग आपल्याकडे भूप्रदेश संगीतात येतच नाही की काय? येतो, पण आडवाटेने. 1967 साली निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका घ्या. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा दिवस ही तिची कल्पना, आणि ती एच.एम.व्ही.मधील आपल्या गो. ना. जोशींची. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता ज्यांनी 1930 नंतरच्या काळात घराघरांत पोचवली, तेच हे भावगीतगायक जी. एन. जोशी. रानातल्या शिळेचा कान असलेल्या माणसालाच दरीतील हाक सुचावी, यात नवल नाही. पण त्या मुद्रिकेत दरी दिसते कशामुळे? अहिरभैरव-नटभैरवाने पहाट होते, मग पिलू, भूप, देस असे प्रहर सरकतात आणि अखेरीस पहाडी येतो. दरीचे चित्र काढण्याच्या फंदात न पडता जोशींनी दिवस उभा केला. आपल्या रागांना काळ कळतो, स्थळ कळत नाही. काळाच्या पोटातून जेवढे स्थळ येईल तेवढे येते. शिवाय संतूर हे मुळातच काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतले वाद्य असल्याने त्या मातीचा नाद त्याच्या तारांतच होता. गिटारवादक काब्रा तर जोधपूरचे. मरुभूमीतल्या माणसाने डोंगराच्या गोष्टीत रंग भरावा आणि कोणाला ते खटकू नये, ही गंमत आमच्या तरुण मित्राने अवश्य ध्यानात घ्यावी.

वाळवंटाचेही असेच आहे. 1991 साली पडद्यावर आलेल्या ‘लेकिन’ला हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात राजस्थान ऐकू येतो तो वाळूच्या वर्णनामुळे नव्हे, मांडेच्या वळणांमुळे. आणि ती वळणे बिकानेरच्या दरबारात गायलेल्या अल्ला जिलाई बाईंसारख्या गायिकांच्या गळ्यांनी जपलेली होती.

परंतु या साऱ्यांत आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो कुमार गंधर्वांचा दाखला. माळवा हा ना वाळवंट ना पर्वत. ते एक पठार आहे, आमच्या दख्खनसारखेच. 1948 साली क्षयाने ग्रासलेले कुमार देवासला आले. पुढची काही वर्षे गाणे बंद. प्रवास करून, हिंडून, दृश्ये पाहून स्फूर्ती मिळवण्याची सोयच नव्हती. अंथरुणावर पडून येणाऱ्या-जाणाऱ्यांची गाणी तेवढी कानी पडत. त्या ऐकण्यातून माळव्याच्या लोकधुनांचा त्यांचा अभ्यास उभा राहिला आणि त्यातून मालवती, संजारी, लगनगंधार, अहिमोहिनी, मधसुरजा असे ‘धुनउगम’ राग आले. 1965 साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला. मधसुरजा हा भर दुपारचा राग. त्यातील त्यांची बंदिश कशावर आहे? बळी देण्यासाठी नेलेल्या बकऱ्याने देवीला केलेल्या विनवणीवर. माळव्याचे ऊन त्यात आहेच, पण ते त्या बकऱ्याच्या पाठीवर पडलेले आहे. सुंदर देखाव्याच्या शोधात निघालेल्या संगीतकाराला हे ऊन सापडले नसते.

आणि येथेच आमचे दुखणे सुरू होते. आमच्या संगीतकारांना हिमालय आवडतो, थर आवडते. आवडावे, आम्हांलाही आवडते. पण सह्याद्रीचा राग कोणता? ज्या मावळ-मुळशीच्या डोंगरांकडून आमच्या मांजरीच्या मुळा-मुठेला पाणी येते, त्या डोंगराला स्वतःचे गाणे नव्हते काय? होते. ते जात्यावर होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या सहकाऱ्यांच्या मदतीने, बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या पुष्कळशांचे ध्वनिमुद्रणही झाले आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांचा विचार केला. शास्त्रीय संगीताच्या रचनाकाराने तो ठेवा उघडून त्यातून राग शोधल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. चार-पाच सुरांत फिरणारी चाल, तिच्यात काय शोधायचे, असे म्हणणारे भेटतील. माळव्यातल्या कित्येक धुना तरी याहून कोठे मोठ्या होत्या?

एक आक्षेप मात्र आम्हांला मान्य आहे. पहाटे उठून दळणाऱ्या बाईचे कष्ट आणि तिच्या सासुरवासाचे दुःख रागात घालून सभागृहात टाळ्या मिळवणे, यात एक प्रकारची लूट असू शकते. कुमारांनी त्या धुना आधी धुना म्हणूनच गायल्या, माळव्याच्या लोकगीतांचा स्वतंत्र कार्यक्रम केला, मग त्यांतून राग काढले. निदान एवढी सभ्यता पाळली पाहिजे. आणि घाईही केली पाहिजे. मांजरीत उसाचे आणि द्राक्षांचे मळे मागे हटत आहेत, इमारती नदीपर्यंत येऊन ठेपल्या आहेत. जाते ओढता ओढता गायलेल्या बायका आता फार वृद्ध आहेत, आणि त्यांच्या नाती दळण गिरणीत टाकतात. ते योग्यच आहे; जाते परत यावे असे त्या बायकांपैकी कोणीही म्हणणार नाही. संगीतकाराला मात्र पुढे ध्वनिफितींवरच भागवावे लागेल.

त्या सतारियाला आम्ही पुढच्या भेटीत यातील काही ओव्या ऐकवल्या. पहिल्या दोन-तीन त्याने सौजन्यापोटी ऐकल्या. चौथीला त्याने डोळे मिटले, बोटांनी मांडीवर ठेका धरू पाहिला आणि थांबला. ओळीच्या शेवटी बाई श्वासासाठी थांबते, पण दगडाची घरघर चालूच राहते, आणि पुढची ओळ त्याच्या अंदाजापेक्षा थोडी उशिरा येते. ‘ही लय कोणत्या मात्रांत बसवायची?’ त्याने विचारले. आम्ही पुन्हा ती ओवी लावली. जात्याचे फेरे मोजू लागलो, तर आमची संख्या आणि त्याची संख्या जुळेना.