टोपी, साबण आणि न वाचलेले पुस्तक

दरवर्षी १६ जून रोजी डब्लिन शहरात ‘ब्लूम्सडे’ साजरा होतो. जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ कादंबरीचे कथानक १६ जून १९०४ या एका दिवसात घडते. तिचा नायक लिओपोल्ड ब्लूम याच्या नावाने हा उत्सव. लोक गवती टोप्या घालून ब्लूमच्या वाटेने फिरतात, त्याच्यासारखी न्याहारी करतात, त्याने घेतला तसा लिंबाचा साबण घेतात. साहित्यिकाचा हा गौरव पाहून आमचे रसिक हरखतात. आम्हांला मात्र काही कठोर बोलणे भाग आहे.

ज्यांची आज मिरवणूक निघते, त्यांना मायभूमीने कसे वागविले? १९२२ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली ती पॅरिसमध्ये. १९४१ साली जॉइस झुरिक येथे निवर्तले; त्यांचा देह मायदेशी आणावा ही पत्नीची विनंती सरकारने अव्हेरली. १९५८ साली ‘युलिसिस’वरील नाटक आणि शॉन ओकेसी यांचे नाटक महोत्सवात होणार म्हणून आर्चबिशप मॅक्वेड यांनी उद्घाटनाचा मिस्सा नाकारला, तो महोत्सवच बारगळला. १९६७च्या चित्रपटावरील बंदी उठायला २००० साल उजाडले. पुस्तक न वाचण्याचा एक मार्ग म्हणजे बंदी. दुसरा, अधिक सुखाचा मार्ग म्हणजे उत्सव!

कोणी म्हणेल, ज्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मिस्साची थट्टा आहे, त्याची वकिली धर्मगुरूने का करावी? ती थट्टा श्रद्धावंताला बोचते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पुढची पाने उलटावीत. यहुदी निर्वासिताचा मुलगा असलेल्या ब्लूमला मद्यगृहात दरडावून विचारले जाते, तुझे राष्ट्र कोणते? तो म्हणतो, हेच; येथेच माझा जन्म झाला. द्वेषापुढे तो प्रेमाचे नाव घेतो आणि मार खाता खाता वाचतो. त्याच रात्री रस्त्यात पडलेल्या मद्यधुंद तरुणाला तो उठवतो, घरी नेतो, कोको पाजतो. जेझुइटांच्या शाळेत शिकलेल्या जॉइस यांनी तेथे शोमरोनी माणसाची आठवण स्वतःच दिली आहे.

‘तुमचा देश कोणता?’ हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. म्हणूनच ब्लूमचे उत्तर आपण वाचले पाहिजे. साबण विकत घेऊन ते उमगत नाही.

डब्लिनकरांना हसण्याचा अधिकार तरी आपल्याला आहे काय? १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे आणि फादर स्टीफन्स यांचे नाव आपल्या प्रत्येक व्यासपीठावर घेतले जाते, तसबिरीला हार पडतो, टाळ्या होतात. त्या सभेतल्या कितीजणांनी त्यातल्या शंभर ओव्या वाचल्या आहेत? पुढच्या समारंभात हार कमी आणावेत, भाषणे आवरती घ्यावीत, आणि एक अवस्वर मोठ्याने वाचावा. लेखकाचा तेवढा सन्मान पुरे.