जुने घर विकणाऱ्यालाही मुदतीचे बंधन हवे

प्रति,
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : विसार घेतल्यानंतर खरेदीखत लांबवणाऱ्या विक्रेत्यांबाबत

महोदय,

आम्ही पुण्यात भाड्याने राहणारे, जुन्या सदनिकेसाठी विसार देऊन ताटकळलेले खरेदीदार आहोत. बिल्डरने ताबा लांबवला तर महारेराकडे दाद मागता येते. एका कुटुंबाने आपले राहते घर दुसऱ्याला विकताना ती सोय नाही, आणि आम्हाला परवडते ते असेच घर.

आमच्यातल्या एका भगिनीने दोन खोल्यांच्या घराचा विसार दिला, त्याला 14 महिने झाले. घर विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांच्या नावावर; बहिणीचे हक्कसोडपत्र अजून व्हायचे आहे. गृहस्थ कधी नाही म्हणत नाहीत. आधी पितृपक्ष होता, मग बहीण परगावी, मग सोसायटीचे सेक्रेटरी भेटेनात. एवढ्यात बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत संपली, प्रोसेसिंग फी पुन्हा भरावी लागली आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार वाढीव भाड्याने नव्याने झाला.

त्यांनी सरळ नकार दिला असता तर दावा तरी लावता आला असता. करारपूर्तीच्या दाव्याची 3 वर्षे ठरलेल्या तारखेपासून मोजतात. तारीख नसेल तर नकार कळल्यापासून. या भगिनीच्या विसाराच्या पावतीवर खरेदीखताची तारीख नाही आणि नकारही आलेला नाही. स्थावराच्या व्यवहारात मुदत पाळणे ही कराराची मूळ अट आहे, असे न्यायालये सहसा गृहीत धरत नाहीत. ते स्पष्ट लिहावे लागते. विसार देताना हे सामान्य माणसाला कोणी सांगत नाही.

नोंदणीकृत साठेखत का केले नाही, असे आम्हाला विचारतात. ताबा देण्याचे कबूल करणाऱ्या साठेखतालाही आपल्याकडे खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क पडते. पुणे शहरात पुरुषाच्या नावे ते 7 टक्के, म्हणजे 50 लाखांच्या घराला साडेतीन लाख. विक्रेत्याचे कागद अपुरे असताना एवढी रक्कम कोण गुंतवील? म्हणून व्यवहार साध्या पावतीवर राहतो, आणि तिची सरकारदरबारी नोंद नसते.

यासाठी नाममात्र शुल्काच्या विसारपत्राचा एक प्रमाणित नमुना आपण काढावा. हक्कसोडपत्र, विक्रेत्याच्या कर्जाची परतफेड आणि खरेदीखत यांच्या तारखा त्यात भरल्याशिवाय तो पुरा होऊ नये. हक्कलेख ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना जशी 30 दिवसांत आपल्याकडे दाखल होते, तसेच हे विसारपत्रही दाखल व्हावे, म्हणजे तेच घर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवले तर त्याला ते दिसेल. पूर्ण शुल्क आम्ही खरेदीखताच्या वेळी भरू. त्यात सूट मागत नाही.

दिरंगाईची भरपाईही त्यातच लिहिलेली असावी. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत न करणाऱ्या बँकेने, चूक तिची असल्यास, दिवसाला 5,000 रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. विक्रेत्याकडून आम्हाला वाढलेल्या भाड्यापुरते मिळाले तरी पुरे. उशीर आमच्या कर्जामुळे झाला, तर हाच नियम आम्हालाही लावा.

आदर्श उपविधींनुसार हस्तांतराला सोसायटीचा ना-हरकत दाखला सक्तीचा नाही, तरी बँका तो मागतात. याबाबत सहकार खात्याशी आपण बोलावे.

शुल्कातील बदल शासनाच्या अखत्यारीत असल्याने प्रत मा. महसूलमंत्र्यांना देत आहोत. नमुना प्रसिद्ध करणे मात्र आपल्या कार्यालयाला शक्य आहे. आम्हाला भेटीची वेळ द्यावी. आमच्या तारखा नसलेल्या पावत्या सोबत घेऊन येऊ.

आपले विश्वासू,
जुन्या सदनिकांचे खरेदीदार, पुणे