पुलांची खतावणी

वर्धा नदीच्या पश्चिम तीरावरील कौंडण्यपूर हे विदर्भराज भीष्मकाच्या राजधानीचे स्थान व रुक्मिणीचे माहेर, अशी आमच्या प्रांताची परंपरागत श्रद्धा आहे. तेथून रुक्मिणीमातेची पालखी दर आषाढीस पायी पंढरीस जाते. ही वहिवाट चारशेंहून अधिक वर्षांची मानली जाते. पूर्वी वाटेत नदी आडवी आली म्हणजे वारकरी उतार पाहून पलीकडे जात. पाणी चढलेले असले तर तीरावरच मुक्काम करीत. आज ते पुलावरून जातात. पुलाखाली पाणी किती आहे हे त्यांस दिसते. पुलाच्या अंगात बळ किती उरले आहे हे मात्र दिसत नाही. जी गोष्ट वारकऱ्यांची, तीच बाजारास कापूस नेणाऱ्या शेतकऱ्याची व शाळेस जाणाऱ्या मुलांची. उताराच्या काळी मनुष्य आपल्या डोळ्यांवर विसंबत असे. पुलाच्या काळी तो दुसऱ्याने केलेल्या नोंदीवर विसंबतो. ती नोंद कोण ठेवतो, कशी ठेवतो आणि ती पाहण्याचा मार्ग सामान्य माणसास कितपत मोकळा आहे, ह्याच प्रश्नाचा आज आम्ही विचार करणार आहोत.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांस खतावणीचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. रोजमेळ कितीही सुवाच्य असला, तरी ज्याच्या त्याच्या खाती रकमा पडल्यावाचून कोणाकडे किती येणे व कोणास किती देणे हे कळत नाही. पुलांचेही असेच आहे. प्रत्येक पुलाचे स्वतंत्र खाते पाहिजे. तो कोणत्या नदीनाल्यावर व कोणत्या रस्त्यावर आहे, कोणत्या साली बांधला, दगडी कमानींचा की सळई-काँक्रीटचा, लांबीरुंदी किती, पाया कशावर बसविला, किती भाराच्या हिशेबाने बांधला, शेवटची तपासणी केव्हा झाली, तीत काय आढळले आणि जे आढळले त्यावर काय केले, इतकी कलमे त्या खात्यात असलीच पाहिजेत. ह्यांतले शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आणि बहुधा तेच कोरे राहते.

ही कल्पना परकी नाही, नवीही नाही. रस्त्यांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर हे आमचेच. त्या समितीच्या शिफारशींतूनच पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था जन्मास आली. देशभरच्या मुख्य अभियंत्यांची जी परिषद १९४३ च्या डिसेंबरात भरली, तीही आमच्याच नागपुरात. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हारस्ते व ग्रामरस्ते ही जी वर्गवारी आज सर्वांच्या तोंडी आहे, ती तेथे ठरली. म्हणजे रस्त्यांस खाती पाडून देण्याचे काम ह्याच भूमीत झाले. पुलांचे काम मात्र मागे राहिले. केंद्र सरकारने भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली ती २०१६ च्या ऑक्टोबरात. तीत मुख्यत्वे राष्ट्रीय महामार्गांवरील दीड लाखाहून अधिक पूल व मोऱ्या नोंदल्या गेल्या; प्रत्येकास एक क्रमांक मिळाला, स्थान अक्षांश-रेखांशांनी निश्चित झाले आणि शून्य ते नऊ अशा अंकांनी त्याच्या प्रकृतीची प्रतवारी ठरविण्याची रीत पडली. हे काम स्तुत्य होय. परंतु माणसे केवळ राष्ट्रीय महामार्गावरून चालत नाहीत. राज्यमार्गांचे पूल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, ग्रामरस्त्यांचे जिल्हा परिषदेकडे, शहरांतले नगरपालिका-महानगरपालिकांकडे, आणि गावोगावचे रपटे तर कोणाकडे हे पुष्कळदा गावकऱ्यांसही सांगता येत नाही.

वही नुसती असून भागत नाही, हे आम्हांस तीन उदाहरणांनी दाखवावयाचे आहे.

पहिले सावित्रीचे. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीने गिळल्या. त्याच वर्षी पावसाळ्यापूर्वी पुलाची पाहणी झाली होती व धोका आढळला नव्हता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. म्हणजे नोंद होती. परंतु तीवर विसंबता आले नाही. पुलाचा कठडा व पृष्ठभाग पाहणे म्हणजे पूल पाहणे नव्हे. पुराच्या ओघाने खांबांच्या पायाखालची वाळू व माती खरवडून निघते, पात्रातील वाळूच्या बेसुमार उपशाने ते काम आणखी सुलभ होते, आणि हे सर्व पाण्याखाली घडते. पाण्याखालचा पाया न तपासता वर ‘ठीक’ असा शेरा मारणे म्हणजे गोदामाचे दार पाहून आतील माल मोजल्याची नोंद करणे होय.

दुसरे कुंडमळ्याचे. मावळात इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला आणि चार माणसे प्राणांस मुकली. तो पूल धोकादायक आहे हे ठाऊक होते, तसा फलकही लावलेला होता. येथे नोंद खरी होती. परंतु तीवर कृती झाली नाही. फलक लावून वाट मोकळी ठेवणे ह्यास सावधगिरी म्हणावे की जबाबदारी झटकणे म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

तिसरे आमच्या घरचे. अकोला-अकोट मार्गावर गांधीग्राम येथे पूर्णेवर इंग्रजी अमदानीतला पूल आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात त्यास तडा गेल्याचे दिसले आणि तो वाहतुकीस बंद करण्यात आला. येथे जीवितहानी झाली नाही, हे अधिकाऱ्यांच्या तत्परतेस शोभणारेच झाले. परंतु ऐन कापसाच्या व दिवाळीच्या हंगामात एका तालुक्याची जिल्ह्याशी असलेली सरळ वाट तुटली. माल, रोगी, विद्यार्थी, सर्वांस दूरच्या फेऱ्याने जाणे प्राप्त झाले. पूल म्हातारा झाला आहे ही गोष्ट एका रात्रीत घडलेली नव्हती. वर्षानुवर्षांचा हिशेब खात्यात मांडलेला असता, तर त्याच्या जागी नवा पूल केव्हा हवा हे तडा पडण्यापूर्वीच सांगता आले असते. येथे नोंद झाली. पण उशिरा झाली.

चुकीची नोंद, न पाळलेली नोंद आणि उशिराची नोंद, हे तीन दोष ज्या वहीत आहेत ती असून नसल्यासारखीच. अमेरिकेस हा धडा १९६७ सालीच मिळाला. तेथे ओहायो नदीवरील, योगायोगाने १९२८ सालीच बांधलेला, सिल्व्हर ब्रिज नावाचा झुलता पूल त्या वर्षीच्या १५ डिसेंबरला कोसळून ४६ माणसे मेली. कारण शोधता आढळले की एका लोखंडी दुव्यातील अगदी बारीक भेग वाढत गेली होती. त्या राष्ट्राने शोक केला तो केलाच, परंतु चार वर्षांच्या आत देशभर पूल-तपासणीचे नियम लागू केले. आज तेथील सहा लाखांहून अधिक पुलांची सूची कोणाही नागरिकास पाहता येते, आणि पुलाची तपासणी सामान्यतः दर दोन वर्षांनी झालीच पाहिजे असा दंडक आहे. आमच्याकडे पूल पडला की चौकशी बसते आणि नवा पूल झाला की विषय मिटतो.

आमच्या प्रांतात ही दक्षता अधिक हवी, ह्यास कारणे आहेत. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. खारट पाणी काँक्रीटमध्ये शिरले म्हणजे आतील सळईस गंज धरतो आणि वरून पूल धडधाकट दिसत राहतो. आमची काळी माती पावसाने फुगते व उन्हाने भेगाळते. तिच्यावर घातलेले पुलाकडे जाणारे भराव खचतात. ह्यात भर वजनाची. तीन आसांच्या मालमोटारीची एकूण वजनाची मर्यादा २०१८ च्या जुलैत २५ टनांवरून २८.५ टनांवर नेण्यात आली. मोटारी वाढल्या, वजने वाढली. जुन्या कमानी मात्र त्याच आहेत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम करण्यात आला. तो पराक्रम आम्ही कमी लेखीत नाही. परंतु रस्ता किती तासांत झाला ह्याची नोंद ज्या तासामिनिटांच्या काटेकोरपणाने ठेवता आली, त्याच काटेकोरपणाने ह्या जिल्ह्यांतील प्रत्येक जुना पूल शेवटी केव्हा तपासला हेही लोकांस सांगता आले पाहिजे, इतकेच आमचे म्हणणे आहे.

आता आक्षेपांकडे वळू. कोणी म्हणतील की अशा नोंदी लोकांपुढे ठेवल्या तर विनाकारण घबराट माजेल. आमचे उत्तर असे की, घबराट अज्ञानातून उपजते. कोणता पूल सुरक्षित आहे हे कळले तर लोक त्यावरून निर्धास्त जातील, आणि कोणता नाही हे कळले तर त्यावर न जाण्याइतके शहाणपण त्यांच्याजवळ आहे. कोणी म्हणतील पैसा नाही. परंतु पुलाच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप उपटावयास व पाणी वाहून जाण्याची तुंबलेली भोके मोकळी करावयास कितीसा पैसा लागतो? तेच रोप वीस वर्षे वाढू दिले की दगड फोडते, आणि मग खर्च कोट्यवधींचा होतो. आणि ज्यांचे म्हणणे असे की ‘पूर हा दैवाधीन, त्यास मनुष्य काय करणार,’ त्यांस आम्ही एवढेच विचारतो: पूर दैवाधीन असेल, पण कोरी राहिलेली वही कोणाच्या अधीन आहे?

तेव्हा आमच्या सूचना थोड्या व सुलभ आहेत. प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांस त्याचा क्रमांक, बांधणीचे साल, वजनाची मर्यादा, शेवटच्या तपासणीची तारीख व त्याची प्रत लिहिलेली पाटी असावी. तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा व्हावी आणि मोठ्या पुलांचा पाण्याखालचा पाया ठरावीक काळाने पाहिला जावा. रस्ता कोणत्याही खात्याचा असो, पुलांची खतावणी जिल्ह्याची एकच असावी. कौंडण्यपुरासारख्या ठिकाणी हे विशेष अगत्याचे, कारण तेथे नदी हीच हद्द आहे. अलीकडे तिवसा तालुका, पलीकडे आर्वी तालुका. एक काठ अमरावती विभागाचा, दुसरा नागपूर विभागाचा. अशा हद्दीवरच्या पुलाचे खाते दोन्ही वह्यांत सारखेच पडले पाहिजे. नाहीतर ते दोहोंतूनही गळावयास वेळ लागत नाही.

हे सर्व सरकारने आपण होऊन करावे हे योग्यच. परंतु माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम कोणी मागण्यापूर्वीच माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सरकारी कचेऱ्यांवर घालते, हे आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? आमच्या व्यापारी मंडळ्या करांवर सभा भरवितात, अर्ज धाडितात, वेळ पडल्यास दुकाने बंद ठेवितात. ज्या पुलांवरून त्यांचा माल व त्यांची मुलेबाळे रोज जातात, त्यांच्या तपासणीची तारीख विचारणारा एखादा अर्ज त्यांनी आजवर केला आहे काय? प्रत्येक गावाने आपल्या वाटेवरील पुलांची आपल्यापुरती यादी करावी, ग्रामसभेत ती वाचावी, आणि तीतील रिकामी कलमे कोणी भरावयाची हे संबंधित कचेरीस लेखी विचारावे. ह्यास खर्च एका वहीचा आहे.

आषाढीस पालखी निघते तेव्हा तिच्या मार्गावरील मुक्काम, पंगती व सेवेकरी ह्यांची यादी आमचे गावकरी मोठ्या आस्थेने करतात. तीच आस्था पालखी ज्या पुलांवरून जाणार त्यांच्या वाट्यास यावी, एवढीच आमची विनंती आहे. पाणी आपली वाट कोणास विचारून धरीत नाही. पण पुलाची तपासणी केव्हा झाली हे विचारणे सर्वस्वी आमच्या हाती आहे, आणि ते आम्ही आजपासून विचारू लागले पाहिजे.