काडतुसाविना रायफल

पुसदच्या आसपास सागाचीं रानें. तेव्हां आजोबांची शिकारीची रायफल एखाद्या घरीं माळ्यावर निघाल्यास नवल नाहीं. पण तिचें काडतूस कोठें मिळावयाचें?

या अडचणीचें मूळ जुनें आहे. लष्करी काडतुसें बंडखोरांच्या हातीं पडूं नयेत म्हणून इंग्रज सरकारनें १९०७ च्या सुमारास .४५० इंची रायफली हिंदुस्थानांत आणण्यास बंदी केली. तेव्हां विलायती कारागिरांनीं .४६५, .४७०, .४७५ अशीं नवीं मापें काढलीं व गिऱ्हाइकाच्या अंगलोटाप्रमाणें रायफली घडविल्या. अशीं काडतुसें दुर्मिळ झालीं म्हणजे परदेशांतील शौकीन रिकामी पितळी पुंगळी मापांत आणून तींत नवी टोपी, तोललेली दारू व गोळी बसवितात. दारू अधिक पडल्यास नळी फुटून हात जातो.

आपल्याकडे हा उद्योग घरीं करूं नये. १९५९ च्या शस्त्रकायद्यान्वयें परवान्याविना काडतूस तयार करणें गुन्हा आहे. परवानाधारक निवर्तल्यास वारसांनीं शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावें लागतें. पुढें वारसास स्वतःच्या नांवें परवाना मागतां येतो. हयगय झाल्यास आजोबांची आठवण नातवावर खटला आणील. शौकाच्या शिकारीचे परवाने तर १९९१ सालच्या दुरुस्तीनें संपलेच.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, घरांतील वडील मंडळींनीं आपल्या हयातींतच परवान्याचे कागद काढून पाहावेत, आणि शस्त्र कोणाकडे जावयाचें तें मुलांसमक्ष ठरवावें.