डोंगर एकदा गेला की परत येत नाही



दर जानेवारीत सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरते. एटापल्ली तालुक्यातल्या माडिया गोंडांचा हा इलाका. त्यांचा देव या डोंगरावर आहे आणि डोंगराच्या पोटात लोखंड आहे. देव आमचा, डोंगर आमचा, मग लोखंड कुणाचं? सगळं भांडण या एका प्रश्नाचं आहे.

भांडण आजचं नाही. आपला अंक सोलापूरला नवी पेठेत निघतो. त्या शहराचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेले. त्याच्या ७२ वर्षं आधी, २१ ऑक्टोबर १८५८ ला, सुरजागडच्याच मुलखातले वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी चांद्याला फाशी दिली. इंग्रज गेला, पण जंगल सरकारच्या मालकीचं, हा त्याचा हिशेब मागं राहिला.

२००७ साली सुरजागडच्या सुमारे ३४८ हेक्टर जागेचा पट्टा लॉईड्स मेटल्स कंपनीला मिळाला. २०१६ ला खोदाई सुरू झाली, मधे बंद पडली, २०२१ ला बंदोबस्तात पुन्हा सुरू झाली. मग वर्षाचे ३० लाख टन वाढवून १ कोटी टन करायचं ठरलं. त्याची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीला कलेक्टर कचेरीत ठेवली, डोंगरापासून शंभरावर किलोमीटर लांब. ज्याचं शेत खाणीखाली आहे त्यानं मजुरी बुडवायची, गाडीभाडं भरायचं आणि साहेबांच्या भाषेत बोलायचं. याला सुनावणी म्हणायचं का? नव्या खाणींच्या विरोधात मार्च २०२३ पासून तोडगट्ट्याला लोक ठिय्या देऊन बसले. उन्हाळा, पावसाळा तिथंच काढला. नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांना उठवलं.

असंच भांडण समुद्रापलीकडं बुगनविल नावाच्या बेटावर झालं. ते आपण समजून घेतलं पाहिजे. तिथं तेव्हा ऑस्ट्रेलियाचं राज्य होतं. कायदा सांगत होता, जमीन तुमची पण खालचं खनिज सरकारचं. १९६९ साली तिथल्या बाया बुलडोझरपुढं उभ्या राहिल्या. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. १९७२ पासून पांगुना खाणीतून तांबं आणि सोनं निघू लागलं. १९७५ ला पापुआ न्यू गिनी देश स्वतंत्र झाला, बेट त्यात गेलं, खाण मात्र तशीच चालली. शंभर कोटी टनांवर गाळ नदीत गेला. मासे गेले, काठची शेती गेली. १९८८ ला लोक उठले. त्यांचा पुढारी फ्रान्सिस ओना त्याच खाणीत नोकरीला होता. मे १९८९ ला खाण बंद पडली. मग सैन्य आलं, बेटाची नाकेबंदी झाली, औषधंसुद्धा मिळेनात. दहा वर्षांत हजारो माणसं मेली. २०१९ ला मतदान झालं तेव्हा शंभरातल्या जवळपास ९८ जणांनी स्वतंत्र देश मागितला.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. १९६९ ला बायांचं 'नाही' ऐकलं असतं तर पुढचं मरण टळलं असतं. आणि बंदूक आली की आधी गाव मरतं. हे गडचिरोलीच्या माणसाला सांगायला नको, दोन बंदुकांच्या मधे तो वर्षानुवर्षं दबला आहे. म्हणून आपली वाट ग्रामसभेची. २०१३ ला ओडिशात सुप्रीम कोर्टाच्या हुकुमानं नियमगिरीच्या १२ ग्रामसभांना विचारलं. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. तो डोंगर आज उभा आहे.

काही पोरं म्हणतात, खाणीत पगार आहे, मोहात काय आहे? त्यांचा प्रश्न खोटा नाही. हाताला काम पाहिजेच. पण लोखंड संपलं की पगार संपतो. मोह, तेंदू, बांबू दरसाल येतात. मेंढा-लेखा गावानं २००९ ला सामूहिक वनहक्क मिळवला आणि स्वतःचा बांबू स्वतः विकला. काम तेही आहे, आणि तिथं मालक गावच आहे.

कायद्यात भोकं आहेत तीही माहीत असू द्या. पेसात ग्रामसभेची शिफारस गौण खनिजाला लागते, आणि लोखंड गौण खनिजात धरत नाहीत. म्हणून वनहक्क कायदा २००६ धरून ठेवा. त्याच्या कलम ५ नं जंगल, पाणी आणि देवस्थानं राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत एवढं करा. सामूहिक दावा राहिला असेल तर वनहक्क समिती बसवा. नकाशात देव, झरे, गुरांच्या वाटा, मोहाची झाडं दाखवा. ठराव आपल्या बोलीत वाचून दाखवा, मगच सह्या-अंगठे घ्या, बायांचे आधी. कोऱ्या कागदावर सही नाही. ठरावाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. रजिस्टर गावातच ठेवा.

मशीन डोंगरावर चढल्यावर आपण फक्त भरपाईवर बोलू शकतो. चढायच्या आधी बोललो तर डोंगरावर बोलता येतं.

जल, जंगल, जमीन आमची! जोहार!

— संपादक मंडळ, नवी पेठ, सोलापूर