एका अवाढव्य सबवूफरपेक्षा दोन बेताचे बरे

अमेरिकेतल्या घराच्या तळघरात मोठा पडदा, प्रशस्त सोफे आणि कोपऱ्यात अवाढव्य सबवूफर, म्हणजे खास खर्जासाठीचा स्पीकर, हा बेत आता मराठी कुटुंबांनाही नवा नाही. एवढा खर्च करूनही तक्रार मात्र राहतेच: सोफ्याच्या एका टोकाला छाती दणाणते आणि दुसऱ्या टोकाला तबल्याच्या डग्ग्याचा घुमाराच ऐकू येत नाही. मग घरधनी आणखी मोठा सबवूफर आणतो. पैसे तिथेच वाया जातात, कारण दोष यंत्रात नसून खोलीत असतो.

४० हर्ट्झच्या खर्जाची लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते. बहुतेक खोल्या त्याहून लहान. ही लाट समोरासमोरच्या भिंतींवरून परतते आणि स्वतःतच मिसळते. कुठे तिला जोर चढतो, कुठे ती मावळते. सहा मीटर लांबीच्या खोलीत हा प्रकार, म्हणजेच अनुनाद, सुमारे २९ हर्ट्झपासून सुरू होतो. त्या सुराचा दणका दोन्ही टोकांच्या भिंतींलगत सर्वांत जास्त आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी.

जेबीएलसारखे ब्रँड ज्या समूहाकडे आहेत, त्या हर्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे नेमका हाच प्रश्न मांडला: सबवूफर किती असले म्हणजे पुरे? कमाल आवाज किती, यापेक्षा प्रत्येक आसनावर खर्ज सारखा पोहोचतो का, हे त्यांनी तपासले. चार भिंतींच्या मध्यावर एकेक, असे चार सबवूफर उत्तम ठरले. पण समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोनच सबवूफर त्यांच्या जवळपास पोहोचले.

त्यामागचे कारण फार सुंदर आहे. समोरासमोरचे दोन सबवूफर लांबीच्या दिशेचा पहिला अनुनाद एकाच वेळी विरुद्ध बाजूंनी ढकलतात, म्हणून तो उठतच नाही. शिवाय दोन्ही भिंतींच्या मध्यावर असल्याने रुंदीच्या दिशेचा पहिला अनुनादही त्यांच्याकडून चेतवला जात नाही. मात्र दोन्ही सबवूफर टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले, तर लांबीच्या दिशेचा हा फायदा मिळत नाही. दिसायला ती मांडणी नीटस वाटते आणि अनेक घरांत तीच असते, ही खेदाची गोष्ट आहे.

स्पीकर विकणारी कंपनी जास्त स्पीकर घ्या म्हणणारच, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. पण आयताकृती खोलीत चारांच्या पुढे गेल्याने विशेष लाभ नाही, हेही त्याच संशोधनाने सांगितले. शिवाय हर्मनशी संबंध नसलेले ध्वनितज्ज्ञ अर्ल गेडिस हेही एकापेक्षा जास्त सबवूफरचेच समर्थक आहेत. फक्त ते खोलीत विषम जागी विखरून ठेवावेत, असे त्यांचे मत.

इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीने, म्हणजे इक्वलायझरने, काम भागेल असेही अनेकांना वाटते. एकट्याने ऐकणाऱ्याचे बरेचसे भागते. पण सबवूफर एकच असेल, तर एका आसनासाठी कमी केलेला सूर शेजारच्या आसनावर आणखी खचतो. आधी सबवूफरच्या जागा आणि मग इक्वलायझर, हाच क्रम योग्य. घरात गाणे चार जण मिळून ऐकतात. खर्ज फक्त यजमानाच्या खुर्चीपुरता का असावा?

शिवाय अमेरिकी घरांच्या लाकडी सांगाड्याच्या आणि जिप्सम बोर्डाच्या भिंती खर्ज फारसा अडवत नाहीत. मागच्या खुर्चीला ऐकू यावे म्हणून आवाज चढवला की शेजाऱ्याची झोप उडते. खर्ज सगळीकडे सारखा असेल तर तो चढवावा लागत नाही.

म्हणून सणासुदीच्या सवलतीत पंधरा इंची राक्षस घरी आणण्याआधी त्याच पैशांत एकाच जातीचे दोन बेताचे सबवूफर बसतात का, ते पाहावे. एक समोरच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवावा आणि प्रत्येक आसनावर बसून एकच ध्वनिमुद्रण ऐकावे.