विजेची परतीची वाट

बटण दाबले की दिवा लागतो आणि आपण ‘वीज आली’ असे म्हणतो. या शब्दप्रयोगामुळे एक गैरसमज होतो. नळाने पाणी येते, आपण ते वापरतो आणि ते मोरीवाटे निघून जाते. विजेचेही काहीसे तसेच असावे, असे पुष्कळांस वाटते. वास्तविक घरात दोन तारा येतात. एकीला फेज व दुसरीला न्यूट्रल म्हणतात. दिव्यातून वा पंख्यातून जाणारा प्रवाह जेवढा एका तारेत असतो, तेवढाच, यत्किंचितही कमी न होता, दुसऱ्या तारेत असतो. खर्ची पडते ती ऊर्जा, प्रवाह नव्हे. (घरच्या प्रवाहाची दिशा सेकंदात १०० वेळा पालटते, तेव्हा ‘येणे’ व ‘जाणे’ हे शब्द सोयीपुरतेच समजावे.) जाण्यायेण्याच्या या अखंड वाटेस विद्युत्-मंडल म्हणतात. बटण म्हणजे त्या वाटेत मुद्दाम ठेवलेला एक खंड.

या वाटेवरून किती प्रवाह वाहील, याचा नियम गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. स्वदेशात प्रथम त्याची उपेक्षाच झाली. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास कोप्ले पदक दिले. नियम अगदी साधा आहे: विजेच्या दाबाला वाटेतील रोधाने भागले की प्रवाह मिळतो. दाब व्होल्टमध्ये, रोध ओहममध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. आपण इंदुरास राहत असा, बडोद्यास वा हैदराबादेस, घरातील दाब २३० व्होल्ट हाच ठरलेला आहे. १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम असतो. म्हणून तिच्यातून सव्वाचार अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. ९ वॅटच्या एल.ई.डी. दिव्याला मात्र ०.०४ अँपिअर पुरतो.

आता येथे जरा थांबावे, कारण घराघरांतून होणारी चूक याच जागी होते. एका सॉकेटला तीन तोंडांचा प्लग लावून त्यावर इस्त्री, पाणी तापविण्याचा रॉड आणि आणखी काही जोडले, तर आहे तीच वीज तिघांत वाटली जाईल, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. घरातील उपकरणे समांतर जोडलेली असतात; म्हणजे प्रत्येक नवे उपकरण प्रवाहास आणखी एक वाट उघडून देते. मंगल कार्यालयाचे एक दार उघडे असता माणसे जितक्या वेगाने बाहेर पडतात, त्याहून तीन दारे उघडल्यावर अधिक वेगाने पडतात, तसेच हे. १००० वॅटची इस्त्री आणि १५०० वॅटचा रॉड मिळून जवळजवळ ११ अँपिअर प्रवाह ओढतात, आणि सॉकेट असते ६ अँपिअरचे! तो सर्व प्रवाह भिंतीतील एकाच तारेतून जातो.

तार तापते ती किती, हे इंग्लंडमधील जेम्स जूल याने १८४०च्या सुमारास मोजून दाखविले. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. म्हणूनच सैल बसलेला प्लग हा वाटतो त्यापेक्षा फार वाईट शत्रू आहे. समजा, त्या सैल जागी अवघा अर्धा ओहम रोध निर्माण झाला आणि तेथून १० अँपिअर प्रवाह गेला, तर बोटाच्या पेराएवढ्या जागेत ५० वॅट उष्णता साठू लागते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची इस्त्री २५ वॅटची असली तरी कथील वितळविते. प्लगाची पिन काळी पडलेली दिसली वा जळका वास आला, तर त्याचा अर्थ हाच.

या उष्णतेपासून तारेचे रक्षण करण्यासाठी फ्यूज असतो. ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की त्यातील बारीक तार आधी वितळते आणि मंडल तुटते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणारे महाभाग प्रत्येक आळीत असतात. त्यानंतर फ्यूज जात नाही हे खरे. त्याच्याऐवजी भिंतीतील तार तापत राहते. हल्ली फ्यूजची जागा एम.सी.बी.ने घेतली आहे. तो पुनःपुन्हा पडत असेल, तर मोठ्या क्षमतेचा बसविण्यापूर्वी तारा तेवढ्या जाडीच्या आहेत की नाहीत, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

परंतु फ्यूज रक्षण करतो ते तारेचे, माणसाचे नव्हे. न्यूट्रल तार वीजकेंद्राच्या बाजूस जमिनीत पुरलेली असते. त्यामुळे ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचा फेजला स्पर्श झाला, की त्याच्या शरीरातून आणि जमिनीतून परतीची वाट पुरी होते. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर प्रवाह होतो ०.२३ अँपिअर. ५ अँपिअरच्या फ्यूजला याची दादही लागत नाही. इकडे ०.०३ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाहही काही क्षण छातीतून गेला, तर प्राणावर बेतू शकते.

तिसऱ्या, जाड पिनेचे काम येथे आहे. शीतकपाटाच्या आत फेज तार सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थिंगची तार प्रवाहास जमिनीकडे जाण्याची सोपी वाट देते. प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज जातो. ती पिन लांबही ठेवतात, म्हणजे प्लग घालताना ती सर्वांआधी जोडली जाते आणि काढताना सर्वांमागून सुटते. दोन भोकांच्या सॉकेटात बसावी म्हणून ती कापून टाकणे म्हणजे तो पत्रा कुणाच्या तरी हाताची वाट पाहत ठेवणे होय. शिवाय भिंतीवर तिसरे भोक दिसते म्हणून त्यामागे तार आहेच, असेही समजू नये. जुन्या घरांत ती पुष्कळदा नसते. तारतंत्र्याकडून एकदा तपासून घ्यावे.

आणखी एक साधन आता सहज मिळते: आर.सी.सी.बी. ते प्रवाह किती आहे हे पाहत नाही. गेलेला सर्व परत आला की नाही, एवढेच पाहते. दोन तारांतील प्रवाहांत ०.०३ अँपिअरचा फरक पडला, म्हणजे काही प्रवाह भलत्या वाटेने जमिनीत गेला, तर ते क्षणार्धात मंडल तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअर असे लिहिलेले घ्यावे. त्यावर तपासणीचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. वीज तत्काळ गेली पाहिजे. न गेल्यास त्याच दिवशी तारतंत्र्यास बोलवावे.